जामिनाला सातबारा

बेटेगावजवळ आमची चिकूची वाडी आहे. मागच्या पाड्यावरची एक बाई वर्षानुवर्षं आमच्याकडे चिकू उतरवायला यायची. एका सकाळी ती आली नाही. आदल्या दिवशी एका कारखान्याच्या फाटकावर दगडफेक झाली होती, आणि पोलिसांनी पाड्यातले जवळजवळ सगळे पुरुष उचलून नेले होते. तिचा नवरा तापाने घरी निजून होता. तरी तोही गेला.

तीन दिवसांनी ती कामावर आली.

ते महिने मला धुक्यातून पाहावेत तसे आठवतात. पाड्यात पुरुषाचा आवाज नव्हता. दुपारी पश्चिमेकडून खारा वारा यायचा, बायका छपरावर चढून कौलं सारखी करायच्या आणि खालून मुलं बघत राहायची, जणू आया आता उडूनच जाणार आहेत. मीही कुंपणाशी उभी राहायचे. तिथे दिवस पुढे सरकतच नसे.

जामीन केव्हाच मंजूर झाला होता. पण जामीनदाराकडे सातबारा लागतो, आणि पाड्यात कुणाच्याच नावावर जमीन नव्हती. मी वडिलांकडे विषय काढला.

"दुसऱ्याच्या भांडणात आपली जमीन अडकवायची नसते," ते म्हणाले.

मी विषय तिथेच सोडला. ते अजून टोचतं.

एका दुपारी मात्र वडिलांनीच तिला विचारलं, "किती दिवस झाले गं?"

"नऊ महिने. तुमी सही करा म्हणून नाय सांगत, काका. इचारलं म्हणून सांगते."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते पालघरच्या कोर्टात गेले.

तिचा नवरा सुटून आला. धाकटी मुलगी त्याला बिचकत "मामा" म्हणाली.

"म्हणू दे," तो हळूच म्हणाला.

पुढे कितीतरी दिवस तो आमच्या झाडांखाली नुसता पडून पानांकडे बघायचा. वडील त्याला कुणाला उठवू देत नसत.

मग पाड्यातल्या इतर बायका आल्या. तोच सातबारा दुसऱ्यासाठी चालणार नाही, असं कोर्टात कळलं. तेव्हा वडील शेजारच्या वाडीवाल्यांकडे फिरले. दोघे तयार झाले, बाकीच्यांनी चहा पाजून परत पाठवलं. उरलेले पुरुष पुढचा बहर संपेपर्यंत आतच होते. खटला अजून उभा राहिलेला नाही.