माइकवरचे बंडूजी

बंडूजी माझ्या दुप्पट वयाचे, पण दोस्त. पिपरी मेघे गावात त्यांचं किराणा दुकान होतं. गणपतीत दुकान त्यांच्या पत्नी मंदाबाई सांभाळायच्या, आणि बंडूजी मंडळाचा माइक. माणसाला ओळखीच्या खुणेनं पुकारायचं, ही बंडूजींची रीत. "टकले अण्णाजी, प्रसाद घ्या." "म्हशीवाले चिंधूभाऊ, मंडपात या." लोक हसत यायचे.

२००६ साली त्यांच्या वरच्या खोलीत रुआती भाड्यानं राहायची. मिझोरमची, दवाखान्यात नर्स. मंदाबाईंचा तिच्यावर फार जीव. त्या गणपतीत लिंबू-चमचा स्पर्धेची बक्षिसं तिच्या हस्ते द्यायची ठरली.

"आता येतीन आपल्या चिनी मॅडम," बंडूजी माइकवर म्हणाले.

रुआती मंडपाच्या पायरीवरच थांबली.

"अंकल, मैं चीन की नहीं हूँ. रास्ते में रोज़ यही सुनती हूँ. घर में भी यही, तो कमरा छोड़ देती हूँ."

ती वळली.

"चालली पोरगी," मंदाबाई म्हणाल्या. "काऊन बोलले तसं?"

"प्रेमानं बोललो न वो."

"प्रेम तुमचं. आयकाले तिले लागते न."

माइक चालूच होता. अख्ख्या पिपरीनं ऐकलं.

बंडूजींनी घाम पुसला. "रुआतीबाई, चुकलं माह्यं. तुमाले काय म्हनू, तुमीच सांगा."

रुआती थांबली. ती बोलायच्या आत अण्णाजी उठले. "मले बी इचारा. केस होते तवापासून टकला आयकून राह्यलो."

"काय म्हनू मंग?"

"नुसतं अण्णाजी."

"मंजूर."

चिंधूभाऊ पुढे आले. म्हशी विकून जमाना झाला होता. त्यांना 'श्रीमान' हवं होतं. मिळालं. जयवंताबाईंना 'बाई' नको, 'ताई' हवं होतं. बघता बघता रांग लागली. लंबू महादेवराव म्हणाले, "मले लंबूच राहू द्या. आवडते मले." तेही मंजूर. तोवर पोरांनी स्पर्धेच्या लिंबांचं सरबत करून टाकलं. मी माइकची वायर हातात धरून, तोंड उघडं ठेवून उभा.

रांगेत शेवटी रुआती होती. हसू आवरत नव्हतं तिला.

"बोला," बंडूजी म्हणाले.

"सिर्फ रुआती. मॅडम भी नहीं."

"आन् कुठच्या म्हनून सांगू?"

"मिझो. ऐजॉलची," ती मराठीत म्हणाली. मग मंदाबाईंकडे पाहिलं. "आन् तुमच्या वरच्या खोलीची."

बंडूजींनी तसंच्या तसं पुकारलं. आवाज जरा फाटला. माइकमुळे असेल.