श्रद्धांजली सभेला तात्या हजर

मी एका जिवंत माणसाला सकाळी साडेदहा वाजता मारलं, दुपारी बारापर्यंत त्याचा फ्लेक्स छापून आणला आणि संध्याकाळी पाचला त्याची श्रद्धांजली सभा ठेवली. नोकरीत असताना माझ्याकडून इतकं काम एका दिवसात कधीच झालं नव्हतं.

ज्यांना मारलं ते म्हणजे ‘बिऱ्हाड नंबर नऊ’मधले तात्या सांडगे. ही आमच्या लहानपणची विनोदी मालिका. एक भाडेकरू, एक घरमालक, एक मोडका जिना, एवढ्यावर त्या लोकांनी आठवड्यातून एकदा अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. तात्यांचं काम करणाऱ्या नटाचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ती हिंमत आता माझ्यात उरलेली नाही.

मी त्यांचा भक्त. भक्त म्हणजे किती? लग्न ठरताना मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाले, तेव्हा मी विचारलं, “तात्यांच्या घरमालकाच्या मुलीचं नाव काय?” नंदाने बरोबर सांगितलं. लग्न झालं. (तिच्या वडिलांना वाटलं, मुलगा कुठल्यातरी नात्यातल्या तात्यांची चौकशी करतोय.) निवृत्तीनंतर मी मोबाईलवर ‘बिऱ्हाड प्रेमी मंडळ’ काढलं. रोज कुणीतरी एका भागातला फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी भाग ओळखायचा. सगळ्यात आधी ओळखणारा बहुतेक वेळा मीच. न ओळखणाऱ्यांना मी चार शब्द सुनवायचोही. तेही आता आठवतं आणि कान गरम होतात.

त्या गुरुवारी सकाळी मंडळावर फोटो आला. तात्यांचा चेहरा, गळ्यात हार, समोर उदबत्ती. खाली दोनच शब्द: “तात्या गेले!”

पाठवणारा माझा मेहुणा धोंडीभाऊ. हा तिसगावला शेती करतो. माणूस शब्दाला पक्का. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, हे खरं सांगतो. मग चष्मा पुसला आणि कामाला लागलो.

पहिलं काम, मंडळावर फक्त मलाच लिहिता येईल अशी सोय केली. दुःखाच्या प्रसंगी लोक गुड मॉर्निंगची फुलं टाकतात, ते मला चालणार नव्हतं. मग मोबाईल सायलेंटवर टाकला. आदर म्हणून! आणि अडीचशे शब्दांचा मजकूर लिहिला. ‘रंगभूमी पोरकी झाली’ हे वाक्य त्यात दोनदा आलं.

नंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “अहो, टीव्हीवर काही दाखवत नाहीत की.”

“टीव्हीवाल्यांना जुन्या कलावंतांची काय किंमत!”

“पण एकदा कुणाला तरी विचारून—”

“नंदा, तात्यांच्या बाबतीत मी विचारायचं? लोक मला विचारतात!”

ती गप्प बसली. एकतीस वर्षांच्या संसारात ती कधी गप्प बसते आणि पुढे काय होतं, याचा मी वेळीच अभ्यास करायला हवा होता.

अकरा वाजता मी सावेडीतल्या आमच्या कॉलनीचा हॉल पाचची वेळ सांगून ठरवला आणि मंडळावर सगळ्यांना कळवलं. बाराला फ्लेक्स हातात. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली तोच हारवाला फोटो, आणि त्याच्या खाली ‘शोकाकुल’ म्हणून माझं नाव, तात्यांच्या नावापेक्षा किंचित मोठं. (छापणाऱ्याची चूक. मी सुधारायला सांगितली नाही, ही माझी.)

इथवर थांबलो असतो तरी प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. पण मला एकदम आठवलं, तात्यांची थोरली बहीण आमच्या मागच्या गल्लीत राहते! माई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. माझ्या मुलीला त्यांनी मराठी शिकवलं. एकट्याच असतात. म्हटलं, बिचाऱ्यांना भेटायला आपणच पहिलं गेलं पाहिजे. पहिलं! हा शब्द तेव्हाही माझ्या मनात होता, हे कबूल करतो.

आम्ही दोघं गेलो. माई व्हरांड्यात वाल सोलत बसल्या होत्या.

“या, या. आज जोडीनं? थांबा, चहा टाकते.”

मी म्हणालो, “माई, चहा नको. मन घट्ट करा.”

“का? काय झालं?”

“तात्या गेले.”

“कुठे?”

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. मी नुसतं वर बघितलं. वर पंखा होता. माईंनीही पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग नंदाकडे. नंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा त्यांच्या हातातला वाल खाली पडला.

“नाही हो. सकाळी आठला बोलला ना बाळू माझ्याशी. दाढ दुखतेय म्हणाला.”

आता कुठलाही शहाणा माणूस इथे थबकला असता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “माई, कधी कधी ते दाढेचं दुखणं नसतंच. हृदयाचं असतं.”

“किती वाजता?”

“साडेनऊच्या सुमारास.”

हे मला कुणी सांगितलं? कुणी नाही! त्यांनी विचारलं आणि मला उत्तर न देणं बरं वाटेना. “त्रास झाला का रे त्याला?” “अजिबात नाही. झोपेतच.” “मग दवाखान्यात नेलंच नाही?” “वेळच मिळाला नाही, माई.” असा मी एकेक तपशील घालत गेलो आणि ती म्हातारी बाई एकेक तपशील ऐकून अजून अजून लहान होत गेली. वालाचं भांडं तिने मांडीवर घट्ट धरलं होतं. “आईला वचन दिलं होतं मी, त्याच्याकडे बघेन म्हणून,” असं कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. ते वाक्य मी आजही कुणाला सांगताना गाळतो. आज लिहिलं.

नंदाने माईंच्या मोबाईलवरून तात्यांच्या पुण्याच्या घरी फोन लावला. कुणी उचलेना. तात्यांचा मोबाईल लावला. नुसती रिंग. “सगळे धावपळीत असतील,” मी म्हणालो. अजूनही मीच बोलत होतो!

माईंनी पुण्याला निघायचं ठरवलं. नंदा त्यांची पिशवी भरायला आत गेली. मी गाडी बघतो म्हणून उठलो, तोच माईंचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला आणि त्यांचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. फोन खाली पडला. पडता पडता स्पीकर चालू झाला, आणि व्हरांड्याच्या फरशीवरून एक घोगरा, ओढलेला आवाज आला:

“हाई... हाई... ही हाळू...”

नंदा आतून पळत आली. मी दोन पावलं मागे सरलो. (दोन नाही. मी फाटकापर्यंत गेलो होतो.) फोन नंदाने उचलला.

“कोण बोलतंय?”

“हाळू! दाताच्या डॉक्टरकडं हाय... तोंड हधिर झालंय... इतके हिस्ड कॉल का?”

तात्या दाढ काढून घेत होते. डॉक्टरने सुई टोचून तोंड बधिर केलं होतं, ओठ मिटत नव्हते. माईंनी फोन हिसकावून घेतला आणि ज्या शिव्या दिल्या त्या मराठीच्या शिक्षिकेला येत असतील असं मला वाटलं नव्हतं. मग त्या रडायला लागल्या. आधी रडल्या नव्हत्या, आता रडल्या. आणि मी फाटकाला धरून उभा.

तेव्हा पहिल्यांदा मी खिशातला मोबाईल बघितला. धोंडीभाऊचे एकोणीस फोन येऊन गेले होते. विसावा मी उचलला.

“आवं दाजी! काय करून ठिवलं तुमी? त्यो भाग न्हाई का, घरमालकाच्या पोरीचं गाणं आयकाय लागू नाय म्हून तात्या मेल्याचं सोंग घेतो! ‘भाग वळखा’ म्हून फोटू टाकला व्हता मी!”

“मग तसं लिहायचं ना, धोंडीभाऊ!”

“लिव्हलं हुतं की! रेंज न्हाई इथं. फोटू गेला, ‘भाग वळखा’ तेवढं अडकून बसलं. टाकीवर चढून पाठवाय गेलो तर तुमी आमची तोंडंच बंद केलेली!”

म्हणजे ज्या भागाचं मी चारचौघांत नेहमी कौतुक करायचो, तोच भाग! जो मला पाठ होता! मी फाटकाबाहेरच्या दगडावर बसलो. कुणीतरी दूधवाला “काय झालं काका?” म्हणून थांबला. मी म्हणालो, “काही नाही, सगळे सुखरूप आहेत.” हे इतक्या रडक्या आवाजात म्हणालो की तो घाबरून निघून गेला.

आत बोलावणं आलं. माईंनी माझ्याकडे न बघता फोन पुढे केला. पलीकडून तात्या, जमेल तसे, म्हणाले, “तुहीच का ते?”

“हो. माफ करा.” चाळीस वर्षं मनात धरून ठेवलेलं वाक्य होतं, तात्या कधी भेटले तर बोलायचं म्हणून. ते कुठल्या कुठे गेलं. “सभा लगेच रद्द करतो.”

“सभा? किती वाजता?”

“पाचला.”

“रद्द नका करू. तोवर तोंड सुधारेल हाझं. कोण कोण येणारे?”

त्या प्रश्नात चेष्टा नव्हती. तिथे मला खरी लाज वाटली. त्यांचं काम बंद होऊन किती वर्षं झाली होती, हे मला नक्की सांगता आलं असतं. पण इतक्या वर्षांत मी त्यांना एक पत्र टाकलं नव्हतं. हार मात्र अर्ध्या दिवसात घातला!

पाच वाजता हॉल भरला. फ्लेक्सवरचं ‘श्रद्धांजली’ झाकायला नंदाने तिची शाल लावली, पण शाल आखूड निघाली आणि ‘भावपूर्ण... ली’ असं दिसत राहिलं. मी माईकसमोर उभा राहून झालं ते सांगितलं. वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत माई बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून कुणाची छाती झाली नसावी. मग मी मोबाईल माईकला लावला. तात्यांचा आवाज आला. स्वच्छ, तोच जुना, नाकातला.

“नमस्कार. मी मयत बोलतोय.”

हॉल फुटला! माईसुद्धा हसल्या. मी सोडून सगळे हसले.

“त्या गृहस्थांनी काहीतरी लिहिलंय म्हणे. वाचा की.”

मी वाचायला लागलो. रंगभूमी पोरकी झाली, इथे तात्या “अरेरे” म्हणाले. पुढे मी लिहिलं होतं, ‘भर उन्हात छत्री उघडून जिन्यात अडकलेले तात्या कोण विसरेल?’

“मी विसरेन,” फोन म्हणाला. “तो मी नव्हतोच. तो घरमालक. माझ्याकडे छत्री कधी नव्हतीच हो.”

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणीतरी मागून ओरडलं, “भाग ओळखा!”

तेवढ्यात धोंडीभाऊ पुढे आला. तिसगावहून मोटारसायकल हाणत आला होता, तोंडावर धूळ तशीच. त्याने माईक असा धरला जसा बैलाचा कासरा.

“तात्या, मी धोंडीबा. त्यो फोटू माझाच. माफी करा. आमचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. सा-सा म्हैने. मी आन ही माझी बहीन नंदी, चुलतीकडं मागं. टीव्ही येकच, सोसायटीच्या हापिसात. तुमचं बिऱ्हाड लागलं का आमी खिडकीला लटकायचो. नंदी मला म्हनायची, बघ, हे बी भाड्यानं ऱ्हात्यात तरी हसत्यात. मंग आमी बी हसायचो.” त्याने नाक पुसलं. “येवढंच हुतं.”

मी नंदाकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. तिला मी किती वेळा भाग ओळखायला लावले असतील! ते भाग तिने कुठल्या खिडकीतून बघितले, हे एकदाही विचारलं नव्हतं.

फोनवरून तात्या म्हणाले, “आणखी कुणी आहे का बोलणारं? मला वेळ आहे.” आणि सव्वा तास त्यांनी एकेकाला ऐकलं. कुणाचं नाव काय, मुलं किती, सगळं विचारत.

माई त्यानंतर माझ्याशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचं ते मी समोर बसलेलो असताना नंदाला सांगतात. मागच्या आठवड्यात त्या पुण्याहून परतल्या आणि आमच्याकडे येऊन म्हणाल्या, “नंदा, तुझ्या नवऱ्याला सांग. बाळूने घरात भिंतीवर कागद चिकटवलाय. तो खरोखर जाईल तेव्हा कुणाकुणाला कळवायचं, त्याची यादी. सगळ्यात खाली याचं नाव आहे. पुढे लिहिलंय, ‘यांना तेराव्यानंतरच कळवावे.’”

नंदा हसून हसून खाली बसली. मान खाली घालून मी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि मंडळावर ताबडतोब लिहिलं: ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, तात्यांच्या घरातल्या भिंतीवर माझं नाव आहे!’