नातीसाठी शिकलेली स्पॅनिश

हट्ट्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि पुन्हा स्वतःच विद्यार्थी झालो. शेजारी हसायचे. म्हणायचे, "सर, आता काय स्पॅनिशमधून हरभरा पेरता का?" ज्याचं जळतं त्याला कळतं.

आमचा मुलगा स्पेनमध्ये नोकरीला आहे. लग्नही त्याने तिथेच केलं. पाच वर्षांची मुलगी आहे त्याला. तिला आईची भाषा तेवढी येते. बापाला मराठी शिकवायला सवड झाली नाही. दर रविवारी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर नात दिसायची आणि मुलगा मधे बसून इकडचं तिकडे करायचा. बायको चार वाक्यं बोलायची, तो एकात संपवायचा. फोन ठेवला की ती माझ्यावर घसरायची.

"मी एवढं बोलून राहिले अन् हा दोन शब्दांत उरकतो. बाकीचं कुठं जातंय?"

तिच्या या प्रश्नापायी मी स्पॅनिश शिकायला बसलो.

मराठीतून शिकवणारं काही सापडलं नाही म्हणून इंग्रजीतून शिकवणारं एक अ‍ॅप मोबाइलवर घेतलं. धडा पहिला: वस्तूंनाही लिंग असतं. त्यावर इंग्रजीत केवढं ते नवल! खुर्ची स्त्रीलिंगी हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लहानांना 'तू', मोठ्यांना 'तुम्ही' हेही आपल्यासारखंच. पण माझं डोकं इंग्रजीला इतकं सरावलेलं, की प्रत्येक वाक्य आधी तिथे नेऊन मग स्पॅनिशमध्ये आणायचो. हट्ट्याहून जवळच्या वसमतला नांदेडचा वळसा घालून जावं तसं ते चाललेलं. आणि क्रियापदांची रूपं! सकाळी घोकलेली दुपारच्या वरणभाताबरोबर विरून जायची. ज्या पोरांना 'तुझ्या डोक्यात शेण भरलंय का' म्हणून रागावलो, ती सगळी त्या दिवसांत आठवायची.

तरी वर्षभर चिकटून राहिलो. मग एका रविवारी मुलगा बाहेर गेला होता आणि नात एकटीच पडद्यासमोर आली; सून मागे काम करत होती. दोन वेण्या, नवा पिवळा फ्रॉक. इतकी गोड दिसत होती की बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काय गं हे ध्यान!" ती म्हणाली. "वाळून पार चिपाड झालंय. काळी ठिक्कर पडली माय!"

आज मधे कुणी नव्हतं. मी एकही शब्द गाळला नाही. बारीक, काळी, 'ध्यान'साठी कुरूप, अशी सगळी विशेषणं बरोबर स्त्रीलिंगी रूपात आणि न अडखळता सांगितली. मला फार आनंद झाला होता. नातीने आईकडे पाहिलं. सून भरभर काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही, आणि फोन बंद झाला.

आमच्याकडे लेकराचं तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. जितकं लेकरू देखणं तितकी नावं जास्त ठेवायची. माझ्या बायकोला तर त्याचं भयच आहे. आमची पहिली मुलगी तीन वर्षांची असताना बाळापूरच्या एका लग्नात कुणा बाईने तिची हनुवटी धरून म्हटलं, "कसं सोन्यासारखं लेकरू!" पोर त्याच आठवड्यात तापाने गेली. ताप तो ताप, त्याला काय कौतुकाचं? हे मी बायकोला किती वेळा समजावलं. ती ऐकून घेते. पण त्यानंतर तिने कुठल्याही लेकराला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही, पोटच्या पोरालासुद्धा.

मुलाने घरी येऊन सुनेची समजूत काढली. मग मला म्हणाला, "बाबा, आई असं दर वेळी बोलते. मी ते कधी सांगतच नव्हतो." बाकीचं कुठं जात होतं ते मला तेव्हा कळलं. सून समजूतदार, तिने ऐकलं. पण पोरीने ते तिच्या भाषेत, खुद्द आजोबाच्या तोंडून ऐकलं होतं. ती फोनवर यायची बंद झाली.

"काहून येईना लेकरू?" बायको दर रविवारी विचारायची. अभ्यास असेल, मी म्हणायचो. तिला जेवण जाईना.

मग नात एकदाची आली. लांबच बसली. मला समजावं म्हणून सावकाश बोलली. "आजीला मी कुरूप वाटते?"

"नाही गं, तू फार सुंदर आहेस," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "तू नको. आजीने म्हणायचं."

मी बायकोला सगळं सांगितलं, त्या दिवशी काय भाषांतर केलं होतं तेही. ती थिजली.

"एकदा म्हण, सुंदर हायेस," मी म्हणालो. "मराठीतच म्हण. पुढचं मी बघतो."

"न्हाई हो. एक गेली तेवढी पुरं."

"अगं, ती रुसून बसली!"

"रुसू द्या. रुसलेली पोरगी जित्ती तर ऱ्हाती."

ती उठली, मुठीत मीठमिरच्या घेऊन आली आणि पडद्यावरच्या नातीवरून ओवाळू लागली. आजी काय करतेय, नात घाबरून विचारत होती. मीठ, मिरची, डोळा हे शब्द मला येत होते. पण 'तुला काही होईल म्हणून ती भिते' असं म्हणायला क्रियापदाचं वेगळंच रूप लागतं, त्या धड्यापर्यंत मी पोचलो नव्हतो. मी वाक्य जुळवेपर्यंत पोर उठून गेली.

बायकोने मिरच्या जाळल्या. ठसका आला नाही. "बघा, केवढी नजर लागली हुती," म्हणत ती हात पुसत आली. "बोलवा आता तिला."

मी हाका मारल्या. पडद्यावर सून आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तिला यायचं नाही."

"येत न्हाई म्हणती," मी बायकोला सांगितलं.

"नको येऊ दे. बरी हाय ना, तेवढं इचारा."

मी विचारलं. बरी आहे, सून म्हणाली.

"मग झालं," बायको म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.