अकरा पाकिटं

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी, चारठाण्याला आले, ते मोडलेली झोप घेऊनच. पुढे कुणीतरी झोपेची गोळी सुरू केली आणि ती सुरूच राहिली. तरी रोज शेतापर्यंत चालत जायचे. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते दिवसाढवळ्या पेंगायला लागले. मला आत्याच्या नावानं हाक मारू लागले. एकदा मोरीत पडले, कपाळाला चार टाके पडले.

"वय झालंय," सगळे म्हणाले. मला पटेना. दोन महिन्यांपूर्वी बांधावरून शेजाऱ्याशी तावातावानं भांडलेला माणूस एवढ्यात असा होत नसतो.

घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा केल्या. अकरा पाकिटं निघाली, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची. बाबांना एसटीत बसवलं आणि परभणीला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जुनीच औषधं परत लिहायला घेतली, तशी मी पिशवी टेबलावर उपडी केली.

"ताई, बाहेर रांग आहे."

"असू द्या. यातली कोणती कशासाठी, ते कळल्याशिवाय मी उठणार नाही."

बाबा माझ्यावरच डाफरले, "डॉक्टरसायबानं दिल्यात ना? तू कोण इचारणारी?"

"तुमाला मोरीतून उचलणारी."

डॉक्टर एकेक पाकीट उलटून वाचू लागले. मग त्यांचा आवाज उतरला. "या दोन्ही झोपेच्याच आहेत, एक जुनी, एक अलीकडेच कुणीतरी दिलेली. नावं वेगळी, औषध एकच. ही खाजेची, हिनंही गुंगी येते. या वयात धोक्याचं आहे. मी आधीच विचारायला हवं होतं."

खाजेची गोळी त्यांनी तिथंच बंद केली. झोपेची मात्र एकदम बंद करायची नव्हती. दर पंधरा दिवसांनी थोडी कमी करायची, आणि काही त्रास झाला तर लगेच यायचं, असं त्यांनी लिहून दिलं. ते महिने वाईट गेले. बाबा चिडायचे, गोळी मागायचे, माझ्याशी बोलणं टाकायचे. मी कागदावर लिहिलेल्यापेक्षा जास्त काही दिलं नाही.

गोळीचा शेवटचा तुकडाही सुटला तेव्हा उन्हाळा लागला होता. झोप अजून तुटकच आहे, पण बाबा काठी घेऊन शेतात जातात, मला माझ्याच नावानं हाक मारतात. गेल्या महिन्यात त्यांनी गावातल्या दोन म्हाताऱ्या फौजींना ओसरीवर बसवलं.

"उद्या सगळ्या गोळ्या घेऊन या," ते म्हणाले. "माझी लेक आपल्याला परभणीला न्यायलीय. डॉक्टरला इचारायला लाजायचं न्हाई."