दार बसायच्या आधी

सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या त्याच दिवशी बायडाबाई नव्या घरात राहायला गेली. घर म्हणजे दोन खोल्या, वर स्लॅब, आणि बाकी सगळं व्हायचंच होतं. भिंतींना गिलावा नव्हता, खाली नुसता मुरूम टाकलेला, खिडक्यांच्या जागी चौकोनी भोकं आणि दाराच्या जागी रिकामी चौकट. तिनं चौकटीला जुनं लुगडं टांगलं, विटा मांडून चूल केली आणि पातेलीत दूध ठेवलं.

तिचा नवरा कानिफनाथ बाहेर उभा राहून बघत होता.

"असं कुनी राहायला येतं व्हय?" तो म्हणाला. "दार न्हाई, वास्तुशांत न्हाई. लोक काय म्हनतील?"

"लोक उद्या ट्रॅक्टरात बसून चाललेत. म्हनायला मागं ऱ्हातंय कोन?"

शेवगावच्या पूर्वेला, कोरड्या माळावरचं त्यांचं गाव दिवाळी सरली की निम्मं रिकामं होई. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे कोयते जमवून मुकादम टोळी करी, आणि टोळी कारखान्याच्या वाटेला लागे. बायडाबाई लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, लग्न झाल्यावर कानिफनाथबरोबर. थंडी सगळी उसाच्या फडात, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याच्या कोपीत. गावाकडं यायचं ते पाडव्याच्या सुमाराला, ऊन तापल्यावर.

घर त्यांनी असंच उन्हाळ्या-उन्हाळ्यातून बांधलं होतं. घरकुल मंजूर झालं तेव्हा जुनं पडकं घर उतरवलं आणि तात्पुरते थोरल्या दिराच्या पडवीत राहायला गेले. कानिफनाथ एका गवंड्याच्या हाताखाली राहून काम शिकला. वीट तो लावायचा, माल ती कालवायची. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघायचं कामही तिचंच, कारण तिची नजर जास्त चांगली. मागच्या वर्षी भिंती खिडकीच्या वर आल्या आणि निघायची वेळ झाली. परत आले तेव्हा वाळूचा ढीग गायब, खिडक्यांच्या लोखंडी चौकटी उचकटून नेलेल्या. बायडाबाईच्या मनात तेव्हाच बसलं होतं, की पुढच्या खेपेला आपण जायचं नाही.

"आन् मी एकटा फडात काय करू?" कानिफनाथनं विचारलं होतं. "अर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय?"

"श्रीमंतची बायको बाळंत झालीय. ती न्हाई येनार. तुमी दोघं मिळून एक कोयता व्हा."

श्रीमंत म्हणजे कानिफनाथचा पुतण्या. काका-पुतण्यांची जोडी जुळली खरी, पण ट्रॅक्टर निघाला तेव्हा कानिफनाथ तिच्याकडं न बघता वर चढला. सामानाच्या गाठोड्यांवर बसलेल्या बायका तिला हात करत होत्या. ट्रॉली वळणाआड गेली, धूळ खाली बसली, आणि बायडाबाईच्या लक्षात आलं की आपण अजून रस्त्यातच उभ्या आहोत.

एकटीनं राहणं तिला अवघड गेलं नाही. बसून राहणं अवघड गेलं. पहाटे कोंबड्याच्याही आधी डोळा उघडायचा. अंग उठून कामाला लागायचं, आणि काम नसायचं. ती अंगण झाडायची, पुन्हा झाडायची. विटांचा ढीग या भिंतीकडून त्या भिंतीकडं न्यायची. बाहेर गेली की बिनदाराच्या घराची धास्ती, आत बसली की भिंती अंगावर येत. शेळ्या लुगड्याखालून डोकं घालत. पाण्याला जाताना ती चोरीच्या भीतीनं पितळी हंडा बरोबर न्यायची आणि भरलेला परत आणायची, एरवी प्लॅस्टिकची घागर पुरली असती.

आपलं गाव थंडीत कसं दिसतं हेही तिला माहीत नव्हतं. शेजारच्या रानात ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. बांधावरच्या बोरी लगडल्या होत्या. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण या बोरी पिकतात कधी हे तिनं पाहिलं नव्हतं. समोर राहणारे भिमाजीबाबा दिवसभर उन्हात बसलेले असत. उभं आयुष्य तोडीला गेलेला माणूस, आता गुडघे गेले म्हणून मागं राहिलेला.

"बायडे, बस की जरा," ते म्हणायचे. "सकाळपासून बघतोय, तुझा पाय एका जागी न्हाई."

"बसलं की कसंतरी व्हतंय, बाबा."

"व्हनारच. मला दोन हिवाळे लागले बसायला शिकायला."

पौषात एका सकाळी घरकुलाचे इंजिनिअर साहेब मोटारसायकलवरून आले. तरुण पोरगा होता. मोबाईलवर फोटो काढता काढता त्याला चूल दिसली, दोरीवरचं धुणं दिसलं.

"मावशी, तुम्ही इथं राहता?"

"राहते की."

"घर अजून पूर्ण नाही. गिलावा, दार-खिडक्या, संडास, सगळं झाल्यावर पूर्णत्वाचा फोटो निघतो. तोवर आमच्याकडं हे चालू काम आहे. चालू कामात राहत नसतात."

"मंग कुठं राहू? कोपीत?"

त्यानं मोबाईल पुन्हा वर धरला. "ते धुणं जरा बाजूला घ्या," तो म्हणाला. बायडाबाईनं दोरी सोडली, कपडे उराशी धरून ती फोटोच्या बाहेर उभी राहिली. तो गेल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं. आपल्याच घराच्या फोटोत आपण अडचण झालो. ती तशीच उठली, भिमाजीबाबांना म्हणाली, "घराकडं लक्ष ठेवा," आणि शेवगावच्या स्टँडवर जाऊन श्रीरामपूरच्या गाडीत बसली. तिथून राहात्याच्या बाजूला, टोळी उतरली होती तिथं.

कानिफनाथ फडात होता. तिला बघून त्याच्या हातातला कोयता थांबला.

"काय झालं? घर पडलं का?"

"काय न्हाई झालं. आले."

तिनं पदर खोचला, श्रीमंतला मोळ्या बांधायला लावून त्याच्या हातातला कोयता घेतला आणि पातीला, तोडायला वाटून दिलेल्या उसाच्या पट्ट्याला, लागली. सपकन ऊस खाली, सपकन वाढं वेगळं. तासाभरात अंगाला घाम आला, आणि दोन महिन्यांची तगमग कुठल्या कुठं गेली. कानिफनाथ शेजारच्या पातीत होता. दोघांचे हात बरोबरीनं चालले होते. दिवस कलायला लागला तशी ती मधूनच मागं वळून बघू लागली.

"काय बघतीस?"

"आता शेळ्या घरात शिरल्या असतील."

कानिफनाथनं कोयता खाली ठेवला. तो बांधावर बसला आणि तिलाही बस म्हणाला. बराच वेळ त्यानं बोटातलं कुसळ काढण्यात घालवला.

"बायडे, तू हितं आलीस तर तुझा जीव तिथं. तिथं हायेस तर हितं. मला वाटलं हुतं तू मजेत असशील."

"मजेत कशाची? दिस जात न्हाई."

"मग गिलावा कर."

"मी?"

"माल तुला कालवता येतो. थापी धरायची काय ती शिकायची. कोपऱ्यापासून सुरू करू नको, मधल्या भिंतीपासून कर. वाईट झालं तर आतल्या आत राहील."

तिला हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदाच. सकाळच्या गाडीनं ती परत फिरली.

थापी धरणं सोपं नव्हतं. पहिला माल भिंतीवर टिकलाच नाही, घसरून पायावर आला. दुसऱ्या दिवशी थोडा टिकला. ती फोन करून विचारी, कानिफनाथ फडातून सांगे, "भिंत आधी भिजव. माल हलक्या हातानं फेक, दाबू नको." भिमाजीबाबा सरकत सरकत येऊन चौकटीत बसू लागले. कुठं पोट आलंय, कुठं खड्डा पडलाय ते बसल्या जागेवरून दाखवू लागले. मधली भिंत झाली, मग चुलीकडची. दुपारी हात दुखून आले की ती बांधावर जाऊन बोरं खाई. एकदा शेजारच्या रानातल्या बाईनं तिला हुरड्याला बोलावलं. गरम कणसं हातावर चोळताना तिथल्या बायकांनी विचारलं, "तुमी पाव्हन्या का?" ती म्हणाली, "न्हाई, हितलीच हाय."

पाडव्याला टोळी परतली. कानिफनाथ ट्रॅक्टरवरून उतरला तो सरळ आत गेला. मधल्या भिंतीवरून त्यानं तळवा फिरवला.

"लई जाड बसवलाय."

"पडला तर पुन्यांदा करीन."

त्यानं राहात्याहून आणलेली दाराची फळकुटं अंगणात टाकली आणि चहा पिऊन लगेच मापं घ्यायला लागला. दार बसलं, कडी लागली. बायडाबाई दिवसातून दहादा ती कडी घालून बघायची, काढून बघायची. कानिफनाथचं तिच्याहून अवघड झालं. छताखाली त्याला झोप येईना. तो अंगणात बाज टाकू लागला, भल्या सकाळी उठून गावाबाहेर चालून येऊ लागला. ती त्याचा चहा झाकून ठेवायची.

संडासाचं काम रेंगाळलं, म्हणून इंजिनिअर साहेबांच्या मोबाईलमध्ये घर अजून अपूर्णच आहे. दसऱ्याला मुकादम आला तेव्हा कानिफनाथनं त्याला आत बसवलं, पाणी दिलं, आणि यंदा गावातच गवंडीकाम बघतो, आमची जोडी धरू नका म्हणून सांगितलं. मुकादम गेल्यावर कानिफनाथ उठला, "संडासाची वाळू चाळायची ऱ्हायलीय" म्हणाला, आणि बायडाबाईनं चाळणीची दुसरी बाजू धरली.