रिक्षातली मधली जागा

आम्ही तिघी बार्शीच्या एकाच शाळेतून निवृत्त झालो. मी इतिहास शिकवायची, दुसरी गणित, आणि तिसरी शाळेची ग्रंथपाल. इतिहास आणि गणित यांचं सात वर्षं बोलणं बंद होतं. कारण सांगते, न्याय तुम्हीच करा. माझ्या निरोपसमारंभात गणिताच्या या बाईनं माईक हातात घेतला आणि म्हणाली, "बाई गेल्या म्हणजे आता स्टाफरूममधल्या कुकरची शिट्टी बंद." सगळे हसले. मुख्याध्यापक तर डोळे पुसत होते. मी शाल आणि नारळ उचलला आणि त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

ग्रंथपाल पुढच्या महिन्यात मुलाकडे बंगळूरला कायमची जाणार होती. घरातली भांडीसुद्धा वाटून झाली होती. ती म्हणाली, "एकदा तिघी मिळून कोकणात जाऊ. मी साठीची झाले तरी समुद्र पाहिला नाही." यावर नाही कसं म्हणायचं? मला वाटलं गणित येणार नाही. गणिताला वाटलं मी येणार नाही. दोघीही पोचलो स्टँडवर, बॅगा घेऊन, आणि एकमेकींना बघून दोघींनीही ग्रंथपालाकडे रागानं पाहिलं.

रत्नागिरीत दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. रिक्षावाले भाऊ पन्नाशीचे, बोलके. मागच्या सीटवर ग्रंथपाल अर्थातच मध्ये. ती अंगानं बारकी, आम्ही दोघी तशा नाही, त्यामुळे ती आमच्यात बसवलेली नव्हे, खोचलेली दिसत होती. आणि तिच्यामार्फत आमचा कारभार सुरू झाला.

ब्रह्मदेशाच्या राजाच्या वाड्यात उभं राहून मी म्हटलं, "तिला सांग, या राजानं रत्नागिरीत जवळजवळ तीस वर्षं नजरकैदेत काढली."

ग्रंथपाल वळून म्हणाली, "राजानं इथे तीस वर्षं काढली म्हणे."

"तिला सांग, जवळजवळ म्हणजे किती ते नेमकं बोलावं," गणित म्हणालं. तेही एकाच पायरीवर उभं राहून, माझ्यापासून दीड हातावर.

किल्ल्यावरही तेच. दुपारी खानावळीतही तेच. "तिला विचार सोलकढी हवी का." "तिला सांग, तिनं मागवली तर मला नको." वाढप्याला पहिल्यांदा गंमत वाटली, मग त्यालाही सवय लागली. तो माझ्या ताटासमोर उभा राहून ग्रंथपालाला विचारायला लागला, "यांना भात आणू?" ती बिचारी आमचे निरोप इकडून तिकडे पोचवत जेवत होती. तिचा भात गार झाला. मला दिसलं ते, तरी मी पुढचा निरोप दिला. ताठा म्हणजे ताठा.

जेवणानंतर भाऊ म्हणाले, "खाडीपलीकडं आमच्या वाडीतली देवी आहे. पाच मिनिटं दर्शन घ्या, मग समुद्रावर सोडतो." गेलो. कौलारू देऊळ, आत सतरंजीवर पंधरावीस माणसं ओळीत बसलेली. गणिताचं डोकं अशा वेळी फार चालतं. तिनं पाहिलं की पुढच्या ओळीत जागा आहे. तिथे बसलं म्हणजे दर्शन लवकर होईल, असा हिशोब मांडून ती जाऊन बसली. ग्रंथपाल तिच्या मागे, मी ग्रंथपालाच्या मागे. बार्शीत रांग म्हणजे दर्शनाचीच. दुसरी कशाची असू शकते हे आम्हाला कुठून कळणार?

गुरव आमच्यासमोर येऊन म्हणाले, "हं, बोला. काय इचारायचा हाय?"

आम्ही दोघींनी ग्रंथपालाकडे पाहिलं. शेजारचे एक काका हळूच म्हणाले, "कौल लावायला बसलात ना? मनातलं विचारा. देवीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही." त्या काकांना यंदा आंब्याची बाग करारानं द्यावी का ते विचारायचं होतं. त्यांच्यापलीकडे एक आजी होत्या, त्यांना विहिरीची जागा ठरवायची होती. आणि आम्ही सोलकढी पिऊन आलेल्या तीन प्रवासी बायका.

मी उठणारच होते. तेवढ्यात ग्रंथपालानं हात जोडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात गाव सोडून जातेय. मी गेल्यावर या दोघी एकमेकींशी बोलतील का?"

सात वर्षांत तिनं हे आम्हाला कधी विचारलं नव्हतं.

गुरवांना प्रश्न पटला. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, परगावच्या लेकी तुझ्या दारात आल्यात, यांच्या मनाचा खुलासा कर," आणि सगळी ओळ म्हणाली, "होय महाराजा." पाकळ्या ओल्या करून मूर्तीला लावल्या. आम्ही बघत बसलो. पाकळ्या हलेनात. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. कुणीतरी शंका काढली की पंख्याचं वारं लागतंय, म्हणून पंखा बंद केला. सगळे घामानं निथळायला लागले आणि वेळ जाईना, म्हणून काकांनी चौकशी सुरू केली. "बिनसलं कशावरून?"

ग्रंथपालानं सगळं सांगितलं. कुकर, शिट्टी, शाल, नारळ. आजींनी नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पन तुमी चिडक्या हायसा का नाय?"

"मी अजिबात चिडकी नाही," मी म्हटलं. दारात झोपलेलं मांजर उठून बाहेर गेलं. सगळ्या ओळीनं मांजराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आणि डावी पाकळी पडली.

ग्रंथपालानं देवीला नमस्कार केला, पर्स उचलली आणि म्हणाली, "बरं." एवढंच. शाळेत कुणी पुस्तक हरवलं की ती असंच म्हणायची आणि स्वतः नवीन आणून ठेवायची. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो, त्याला माझा इलाज नाही.

"असं कसं?" मी गुरवांना म्हटलं. "पहिली पंधरा मिनिटं पंखा चालू होता, एकच बाजू वाळली."

"वाळण्याचा प्रश्नच नाही," गणित ताडकन उठलं. "डावी पाकळी मोठी होती. वजन सारखं नसेल तर निकाल धरताच येत नाही."

"तेच म्हणतेय मी."

"तू तेच म्हणत नाहीयेस. तू पंखा म्हणतेयस. तू गप्प बस जरा, मला नीट मांडू दे."

"तू कोण मला गप्प बसवणारी? सात वर्षं गप्पच आहे मी."

"मग आता दोन मिनिटांनी काय बिघडतंय?"

आंब्याचे काका घाबरे झाले. पुढचा नंबर त्यांचा. "अहो गुरव, देवी नाही म्हणाली आणि या तर बोलतायत. माझ्या बागेचं काय मग?"

गुरवांनी आमच्याकडे शांतपणे पाहिलं. "बोलत नायत त्या, भांडतायत. कौल बरोबर हाय." आणि आजींनी पंखा लावायला सांगितला.

पायऱ्या उतरताना आम्ही भांडत होतो. चपला घालताना भांडत होतो; तिनं माझी घातली, तेही त्यात आलं. कुकर निघाला, मग मी कधीतरी तिच्या वर्गाला 'बाजार' म्हटलं होतं ते निघालं. मला ते आठवतही नव्हतं. तिला तारखेसकट आठवत होतं. बोलायच्या नादात मी रिक्षात आत सरकले, माझ्यापाठोपाठ ती सरकली, आणि ग्रंथपाल राहिली कडेला.

रिक्षा खाडीच्या पुलावर आली तेव्हा मी मान वळवली. ग्रंथपाल दांडी धरून बाहेर वाकून बघत होती. तिच्या बाजूला खाडी संपून समुद्र सुरू होत होता, ऊन उतरलेलं, मासेमारीचे मचवे परत येत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी आपण मांडवीच्या किनाऱ्यावरून गेलो, किल्ल्याच्या रस्त्यानं गेलो, दर वळणाला समुद्र होता, पण किल्ल्यावर ही आमच्या निरोपांत अडकली, आणि रिक्षात या बाईला दिवसभर एका बाजूला माझा खांदा दिसला आणि दुसऱ्या बाजूला गणिताची पर्स. मी वाक्य अर्धवटच सोडलं. गणितानंही तिकडे पाहिलं.

भाऊंनी आरशात पाहिलं. "बाई, थांबवू का? नीट बघून घ्या."

"नको, नको," ग्रंथपाल म्हणाली. "रिक्षा थांबली की या थांबतील. चालू द्या."

भाऊंनी रिक्षा हळू केली. आम्ही भांडत राहिलो तरच तिला निर्धास्तपणे आमच्याकडे पाठ करून समुद्र बघता येणार होता. मी गणिताला म्हटलं, "आणि निरोपाच्या दिवशी नारळसुद्धा नासका होता."

"तो मी आणलाच नव्हता," ती म्हणाली, आणि डोळे पुसून पुन्हा सुरू झाली.