गव्हाचं सोवळं

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी माझ्या मोठ्या जाऊबाई दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटवर आल्या, त्या दोन पिशव्या घेऊन. एकीत फुलं, दर्भ, काळे तीळ आणि माझ्या नवऱ्याचा मोठा करून आणलेला फोटो होता. दुसरीत कणीक होती.

मी दारातच म्हटलं, "वहिनी, कणीक खाली गाडीतच राहू द्या."

"का? गाडी पोळ्या लाटणार आहे?" असं म्हणून त्या चपला काढून आत गेल्या.

आमच्या घरात गहू येत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या नवऱ्याच्या आतड्यांना गहू सोसत नव्हता, आणि तोच आजार आमच्या मुलीला आहे. ही आवडनिवड नाही किंवा डाएटचं फॅड नाही. पोळपाटावरचं पीठ उडून भातात पडलं तरी ती चार दिवस अंथरुणात असते.

नवऱ्याचा आजार कळला तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती. तोपर्यंत नाशिकच्या घरात त्याच्याबद्दल एकच वाक्य चालत आलं होतं, याला खाल्लेलं अंगी लागत नाही. अंगी लागावं म्हणून सासूबाई त्याच्या ताटात तूप लावलेली आणखी एक पोळी वाढायच्या. ती खाऊन तो आणखी वाळायचा, की पुन्हा पोळी. सासूबाईंवर माझा राग नाही. त्यांना माहीत नव्हतं, आणि कळायच्या आत त्या गेल्या. नकळत झालेलं मी समजू शकते. पण कळल्यावरही जे कळून घेत नाहीत, त्यांच्यासाठी माझ्याकडे समजूत उरलेली नाही.

इथल्या डॉक्टरांनी निदान केलं तेव्हा त्याच्या रक्तात लोहच नव्हतं म्हणा. त्यांनी गहू, जव, रवा, मैदा सगळं बंद केलं आणि लाल मांस खायला सांगितलं. दोह्यात लाल मांस म्हणजे बहुतेक वेळा बीफ. मग एका शुक्रवारी तोच पाव किलो घेऊन आला आणि ओट्यावर ठेवत म्हणाला, "मोठ्याचं आहे. तुला नको असेल तर मी बाहेर बाल्कनीत करतो." मी म्हटलं, बाल्कनीत काय चूल मांडणार आहेस? आत कर.

करायचं कशात, हा खरा प्रश्न होता. आमच्या प्रत्येक तव्यावर पोळी भाजलेली होती, प्रत्येक कढईत पुऱ्या तळलेल्या होत्या. म्हणून त्याने एअर फ्रायर आणला. चकचकीतपणाची हौस म्हणून नाही. गव्हाचा कणही न लागलेलं भांडं घरात एक तरी असावं म्हणून. हळूहळू बाकीची भांडीही आम्ही बदलली, पण त्याचा जीव त्या काळ्या डब्यावरच बसला.

त्याच्या ऑफिसातल्या एका फिलिपिनो सहकाऱ्याने त्याला पहिली कृती सांगितली, पुढच्या त्याने स्वतः जमवल्या. मांस अर्धवट गोठलेलं असतानाच कापायचं, म्हणजे पातळ कापलं जातं, आणि धाग्यांना आडवं कापायचं, म्हणजे चावताना ओढत नाही. त्याला आलं, लसूण, किसलेलं पेअर आणि सोया सॉस. सोया सॉस फक्त सोयाचा असतो असं मलाही वाटायचं. त्यात गहू असतो. बिनगव्हाचा जपानी सॉस शोधायला आम्ही दुकानांतून बाटल्या उलटसुलट करत हिंडलो. वरून चमचाभर तांदळाचं पीठ, थोडं तिळाचं तेल. डबा आधी तापवायचा, तुकडे एकमेकांवर न टाकता एका थरात पसरायचे, मध्येच एकदा हलवायचं. कडा कुरकुरीत व्हायच्या. गरम भात, वर कांद्याची पात. मुलगी त्याला ‘बाबाज् बीफ’ म्हणायची. कधी लिंबू आणि कांदा घालून, कधी लाल मिरचीची चटणी घालून. चिनी, कोरियन, फिलिपिनो, नाव काहीही द्या; ते अन्न त्याच्या अंगी लागलं. त्याच्या गालांवर मांस आलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

तरी पुढे आतड्याचा कर्करोग झाला. डॉक्टर इतकंच म्हणाले, की आधीचा आजार लवकर कळायला हवा होता. जाऊबाईंनी तेव्हा आमचा फ्रीजर उघडून पाहिला आणि स्वतःचं निदान केलं. ते माझ्यासमोर उच्चारलं नाही. द पर्ल भागातल्या त्यांच्या घरी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर उच्चारलं, आणि त्यातल्या एकीने ते काळजीपूर्वक माझ्यापर्यंत पोहोचवलं. "नको ते खाल्लं, दुसरं काय."

तेराव्याचा स्वयंपाक त्यांनीच केला होता. मी मुलीसाठी फक्त वरणभात मागितला होता. "वरणात कुठे गहू असतो?" त्या म्हणाल्या होत्या. वरणाच्या फोडणीत हिंग होता. डबीतला हिंग बहुतेक कणकेत बांधलेला असतो. वडिलांच्या तेराव्याला माझी मुलगी न्हाणीघराच्या फरशीवर बसून ओकत होती, आणि बाहेर कुणीतरी म्हणालं, बिचारीला दुःख सोसलं नाही.

एवढं सगळं मागे ठेवून त्या दिवशी जाऊबाई माझ्या ओट्यापाशी उभ्या होत्या. हाताला टिश्यू पेपर गुंडाळून त्यांनी एअर फ्रायर उचलला आणि बाल्कनीत नेऊन ठेवला.

"उद्या गुरुजी व्हिडिओवर असतील. मागे ते दिसायला नको," त्या म्हणाल्या. "आणि स्वयंपाक मीच करते. पुरणपोळी, खीर, कणकेचा दिवा."

"वहिनी, दिवा तांदळाच्या पिठाचा करू. खीरही तांदळाचीच करते."

"दिवा कणकेचाच लागतो."

"कुठे लिहिलंय?"

"सगळंच काही लिहिलेलं नसतं. तुला पुस्तकाबाहेरचं काही दिसतच नाही."

त्यांनी परातीत कणीक ओतली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात पीठ वर उठलेलं मला दिसलं. ते भांड्यांच्या फळीवर, पुसलेल्या ओट्यावर, मुलीच्या डब्यावर बसत होतं.

मी म्हटलं, "या घरात ते उघडू नका, असं मी सांगितलं होतं. हे घर बाटतं त्यानं."

त्या वळल्या. हात पिठाचे. "बाटतं? तुझ्या घरात काय काय शिजलंय, अगं, आणि तू मला सोवळं शिकवतेस?"

त्याच वेळी मुलगी शाळेतून आली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबली. "आई, इज दॅट वीट?"

"दिवा आहे बाळा, खायचा नाहीये," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांसाठी."

"काकू, बाबा कान्ट हॅव वीट."

जाऊबाई हसल्या, अगदी मायेने. ती माया मी कधी विसरणार नाही. "अगं राणी, आता त्याला काय होणार आहे? गेलेल्या माणसाला गहू काय करणार?"

मी सहसा मोठ्याने बोलत नाही. शाळेच्या ग्रंथालयात काम करून आवाज खाली ठेवायची सवय झाली आहे. तेव्हाही मी मोठ्याने बोलले नसेन.

"मग गेलेल्या माणसाला मोठ्याचंही काही करणार नाही," मी म्हटलं. "उद्या त्याच्या पानावर तेच वाढते. त्याच्या आवडीचं वाढायचं असतं ना?"

जाऊबाईंबरोबर आलेले मोठे दीर इतका वेळ बैठकीत मोबाइलवर बोलत होते. ते आत आले आणि त्यांनी आधी बायकोकडे, मग माझ्याकडे पाहिलं. चांगला माणूस आहे, भावाच्या आजारपणात रोज हॉस्पिटलला यायचा. "जाऊ द्या ना," ते म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तेराव्यालाही एका दिवसाचाच होता, दादा."

त्यांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "ठीक आहे. आमच्याकडे करू. यल्ला, चल, आवर गं." जाऊबाईंनी परातीतली कणीक पुन्हा पिशवीत घातली, फोटो काखेत घेतला. दारात म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये. बायकोच नसली तर लोक काय म्हणतील?"

"मी येणार नाही."

"आणि त्याला गती मिळायला नको?"

मी दार लावलं.

मग आम्ही दोघींनी ओटा पुसला, फळी रिकामी केली, भांडी धुतली, फडकी फेकून दिली. पुसलेली जागा मुलगी पुन्हा पुसायची, बोट फिरवून बघायची. तिच्या वयाच्या मुलीने असं बोट फिरवून बघावं, याचा मला इतका संताप आला की हातातली परात मी सिंकमध्ये आपटली. ती दचकली. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके, आय वॉण्टेड टू थ्रो इट."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याच पद्धतीने मांस केलं. कापायला घेतलं तेव्हा धागे कुठल्या बाजूने जातात ते मला पटकन कळेना; तो न बघता कापायचा. एक तुकडा वातड झाला, बाकीचे बरे झाले. मी तीन पानं घेतली. फोटो द पर्लला गेला होता, म्हणून एक पान नुसतंच मांडलं. भात, त्यावर मांस, वर पात.

जेवताना फोन वाजला. कुटुंबाच्या ग्रुपवर जाऊबाईंनी छायाचित्र टाकलं होतं. हार घातलेला तो, समोर केळीचं पान, त्यावर पुरणपोळी, गव्हाची खीर, कुरडई, आणि बाजूला कणकेचा दिवा. खाली लिहिलं होतं, "सगळं यथासांग पार पडलं." नाशिकहून, पुण्याहून हात जोडलेली चित्रं येत होती.

मुलीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पानावर बोट ठेवून ती एकेक पदार्थ पाहत गेली. "ऑल ऑफ इट इज वीट," ती म्हणाली.

मी ग्रुपवर लिहिलं, "त्याला हे चालत नाही."

पाठवलं. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. कुणीच काही लिहिलं नाही. मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा पाठवलं.